ज्वारीच्या माहेराचा पत्ता

प्रति,
शालेय इतिहास-भूगोलाची मराठी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या अभ्यासगटांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एका मुलीला बाकीची मुले 'आफ्रिका' म्हणायची. तिचा रंग गडद होता आणि केस कुरळे होते, एवढेच कारण. मी चिडवणाऱ्यांना उभे केले, रागावले, पुन्हा कानावर आले तर पालकांना बोलावीन म्हणाले. चिडवणे थांबले. पण त्या दिवशी मी मुलांना शिकवले काय? 'आफ्रिका' ही शिवी आहे आणि शिवी देऊ नये, इतकेच. ती शिवी का नाही, हे सांगायला माझ्याजवळ एक वाक्यसुद्धा नव्हते. पुढच्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला मी तो खंड शिकवला. सहारा, नाईल, काँगोचे खोरे, हिऱ्यांच्या खाणी. ती मुलगी सगळा तास मान खाली घालून बसली होती.

मंगळवेढा तालुक्यात मी ३१ वर्षे भूगोल शिकवला, आणि शिक्षक कमी पडले की इतिहासही. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुस्तके पुन्हा लिहिली जात आहेत, म्हणून छपाईला जाण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावे अशी इच्छा आहे.

माझी मुलगी पुण्यात शिकत होती तेव्हा तिच्या वर्गात सुदानची एक मुलगी होती. पौषात हुरड्याला दोघी आमच्या गावी आल्या. शेताच्या बांधावर पोचताच ती पाहुणी थबकली. पुढे होऊन तिने एक कणीस वाकवले, दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून तूस उडवले आणि म्हणाली, "दुरा!" ते सगळे तिने इतक्या सराईतपणे केले की आमचे सालगडी काका काम सोडून तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या आजोळी हेच पीक होते. त्यांच्याकडे ज्वारीला दुरा म्हणतात. रात्री चुलीपुढे बसून तिने भाकरी खाल्ली आणि त्यांच्या किस्राबद्दल सांगितले. ज्वारीचे पीठ आंबवून, पातळ करून तापल्या तव्यावर पसरायचे. कागदासारखा पापुद्रा निघतो. तो 'मुलाह' नावाच्या कालवणाशी खातात, आणि त्यात वाळवलेल्या भेंडीची पूड घालतात. माझी सासू म्हणाली, "म्हणजे आपली आंबोळीच की." तोपर्यंत ज्वारी आमचीच, असे मी धरून चालले होते. ती तिचीच, असे ती मुलगी धरून चालली होती.

मग मी वाचायला लागले. पूर्व सुदानात, कसाला शहराजवळच्या माळावर मातीच्या भांड्यांची खापरे सापडली आहेत. भांडी घडवताना चिखलात ज्वारीचे तूस मिसळले होते. ते भाजताना जळून गेले, पण ठसे राहिले. ते ठसे ५००० वर्षांहून जुने आहेत, आणि माणसाने पेरून वाढवलेल्या ज्वारीची याहून जुनी खूण अजून सापडलेली नाही. बाजरी मालीच्या उत्तरेकडची, साधारण ४५०० वर्षांपूर्वीची. नाचणी इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगरांतली. चवळी पश्चिम आफ्रिकेची. एरंड पूर्व आफ्रिकेचा. चिंचसुद्धा मूळची तिकडचीच. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटले आणि त्या नावाने जगाचा समज होऊन बसला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ही धान्ये समुद्रमार्गे, बंदराबंदरांतून आपल्याकडे आली. रब्बीच्या आमच्या मालदांडी वाणाला शास्त्रज्ञ ज्वारीच्या ज्या गटात बसवतात, त्याचे नावच 'दुर्रा' आहे. सुदानी मुलीने बांधावर उच्चारलेला तोच शब्द.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्याचा अभिमान आजही आहे. इथल्या काळ्या रानाने, इथल्या थंडीच्या दवाने आणि पिढ्यान्‌पिढ्या कणसे निवडून बियाणे राखणाऱ्या बायकांनी या ज्वारीला तिची चव दिली. लेक सासरी नांदली, सासरची झाली. पण तिला माहेर होते हे मुलांना आपण सांगितलेच नाही. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. माझ्या जुन्या शाळेतही भाकऱ्यांचे प्रदर्शन भरले, फलक लागले. एकाही फलकावर सुदान, माली, इथिओपिया ही नावे नव्हती. मीही ती सुचवली नाहीत, कारण मला ती उशिरा कळली. ज्या मुलाच्या डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी असते, तो परीक्षेत 'आफ्रिकेत शेती मागासलेली आहे' असे लिहितो आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते. असे कितीदा घडले असेल ते आठवले की मला लाज वाटते.

तेव्हा माझी पहिली मागणी एका वाक्याची आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचा उल्लेख जिथे येईल तिथे त्यांचे मूळ गाव लिहा. त्यासाठी नवा धडा लागत नाही. पाने वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट नकाशाची. आमच्या वर्गात भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा होता. १५६९ साली जहाजांना दिशा धरून जाता यावे म्हणून ती पद्धत काढली गेली, आणि त्या कामाला ती उत्तम होती. पण तिच्यात विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका भूभाग फुगतो. ग्रीनलंड आणि आफ्रिका त्या नकाशावर जवळपास सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट आहे. त्या खंडाचे क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यात आपल्यासारखे ९ भारत मावतील. मी निवृत्तीच्या आधी एकदा मुलांकडून पुठ्ठ्याचे ९ भारत कापून घेतले आणि जमिनीवर खडूने काढलेल्या आफ्रिकेत मांडायला लावले. कडेकडेला तुकडे बसेनात, मुले भांडली, शेवटी कात्री घेऊन आसाम वेगळा कापून सोमालियाच्या टोकाशी बसवला. पण तो तास ती मुले विसरणार नाहीत. क्षेत्रफळाचे प्रमाण खरे दाखवणारे समक्षेत्र नकाशे आज सहज उपलब्ध आहेत. पुस्तकाच्या मलपृष्ठावर एक छापा.

एवढ्या मोठ्या खंडात ५४ देश आहेत आणि सुमारे २००० भाषा. एकट्या नायजेरियात ५०० हून अधिक. आपण मात्र 'आफ्रिकन भाषा', 'आफ्रिकन नृत्य', 'आफ्रिकन जेवण' असे एकाच कढईत ढवळतो. पंजाब, मणिपूर आणि केरळ मिळून 'भारतीय भाजी' असा एक पदार्थ कोणी लिहिला तर आपल्याला कसे वाटेल?

भाषेचे वेड मला लहानपणापासून आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. इथिओपियाच्या गीझ लिपीला बाराखडी आहे. अक्षरशः बाराखडी, फक्त सातांची. एक व्यंजन घ्यायचे आणि स्वराप्रमाणे त्याला छोटी शेपटी, छोटे कडे, छोटा पाय जोडून बु, बी, बा, बो असे करत जायचे. मुले ती सुरात म्हणून पाठ करतात, आपली पहिलीतली मुले म्हणतात तशीच. ही लिपी चौथ्या शतकापासून याच पद्धतीने लिहिली जाते. त्या वेळच्या तिथल्या अक्सूम राज्याच्या एझाना राजाचे शिलालेख आजही उभे आहेत. दक्षिणेकडच्या खोसा भाषेत जिभेचे टकटक आवाजही व्यंजने आहेत. कोणाची कीव आली की आपण दातांमागे जीभ लावून 'च्‌च्‌' करतो ना, तो एक वर्ण. घोड्याला किंवा बैलाला हाकताना गालातल्या गालात जो आवाज काढतो, तो दुसरा. आपल्याकडे जे आवाज अक्षरमालेच्या बाहेर गोठ्यात राहिले, त्यांनी तिकडे शब्द घडवले, आणि नेल्सन मंडेलांची ती मातृभाषा होती. मादागास्करची मलागासी भाषा तर आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांची नव्हेच. तिची बहीण हजारो किलोमीटरवर बोर्निओत आहे. होड्यांतून आलेल्या माणसांनी ती आणली.

आणि पूर्व आफ्रिकेची स्वाहिली. ती आपल्या कानाला ओळखीची लागेल. हिशेबाला हेसाबू, वकिलाला वकीली, लेखणीला कलामू, गाडीला गारी, पैशाला पेसा, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. अरबी समुद्रावर शतकानुशतके वाऱ्यांच्या भरवशावर गलबते ये-जा करत होती, त्याचा हा पुरावा रोजच्या तोंडी आहे. पण उसना शब्द स्वाहिली आपल्या व्याकरणात कसा मुरवते ते पाहा. पुस्तकाला 'किताबू' म्हणतात. स्वाहिलीत वस्तूंच्या एका वर्गाची नावे एकवचनी 'कि' ने सुरू होतात आणि अनेकवचनी 'वि' ने. झाले, अरबी शब्दातल्या 'कि'ला त्यांनी आपला उपसर्ग समजून घेतले आणि अनेक पुस्तकांना 'विताबू' म्हणायला लागले. हे उदाहरण मी व्याकरणाच्या तासाला सांगितले तेव्हा मुले खूश होऊन वर्गभर अनेकवचने करत सुटली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक संघटनेने ७ जुलै हा दिवस स्वाहिलीसाठी राखला आहे. शाळेत इतके 'दिन' साजरे होतात, त्यांत हा का नसावा?

आता इतिहासाच्या पुस्तकाकडे येते, कारण तिथे महाराष्ट्र थेट देणे लागतो.

मलिक अंबर आपण शिकवतो. निजामशाहीचा वजीर, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहर वसवणारा, नहर-ए-अंबरीने त्या शहराला पाणी देणारा, जमीन मोजून सारा ठरवणारा. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. हे सगळे पुस्तकांत सापडते. पण तो कोण होता? 'हबशी होता', आणि वाक्य संपते. हबशी म्हणजे काय, असे मला एका मुलाने विचारले तेव्हा मी 'काळे, धिप्पाड लोक' असे उत्तर दिले होते. ते उत्तर चूक होते. हबश हे इथिओपियाच्या प्रदेशाचे अरबी नाव; हबशी म्हणजे तिथला माणूस, जसा कोकणातला कोकणी. १५४८ च्या सुमारास तिकडे जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. त्याला गुलाम म्हणून विकले गेले, एकदा नव्हे, हातोहात, लाल समुद्राकाठच्या आणि बगदादच्या बाजारांतून. शेवटी दख्खनमध्ये त्याला ज्याने विकत घेतले तो चंगेजखानही निजामशाहीचा हबशी सरदारच होता. आईबापाचे घर, नाव आणि भाषा हिरावली गेलेला पोर आपल्या मुलखात येऊन मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवतो. ही गोष्ट 'हबशी होता' या दोन शब्दांत गुंडाळली की मुलांच्या हाती फक्त शिवी लागते. आणि हेही लिहा की त्या माणसांना विकत घेणारे बाजार आपल्या किनाऱ्यावरही होते. जंजिऱ्याचे सिद्दी आपण केवळ शत्रू म्हणून शिकतो. ते इथवर कसे आले, हा प्रश्न धड्यात येतच नाही. त्यांच्यासारख्याच वाटांनी आलेल्यांचे वंशज आजही गुजरात, कर्नाटक आणि महाराष्ट्रात राहतात, गुजराती, कन्नड, कोंकणी, मराठी बोलतात, आणि जन्मभूमीतच त्यांना 'कुठून आलात?' असे विचारले जाते.

मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. तिथून चार-पाच किलोमीटरवर वेरूळचे कैलास लेणे आहे: डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलेले, एकसंध. अंबरच्या जन्मदेशात, इथिओपियातल्या लालिबेला गावी, अशीच ११ मंदिरे आहेत. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे, पण कोरण्याची रीत तीच. जमिनीच्या पातळीपासून खडक खणत खाली जायचे, मधला ठोकळा सोडायचा, मग तो आतून पोखरायचा. एक तर वरून पाहिले की थेट क्रूसाच्या आकाराचे दिसते. परंपरा त्यांचे श्रेय बाराव्या-तेराव्या शतकातल्या लालिबेला राजाला देते. ७ जानेवारीला, त्यांच्या नाताळाला, पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू कित्येक दिवसांची पायपीट करून तिथे जमतात. वारीच्या वाटेवर वाढलेल्या आमच्या मुलांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. या दोन लेण्यांचा एकमेकांशी संबंध होता असा माझा दावा मुळीच नाही. वेरूळची सहल दरवर्षी जाते. तिथे उभे राहून शिक्षकाने लालिबेलाचे नाव घ्यावे आणि परतताना बस खुलताबादला दहा मिनिटे थांबवावी, इतकेच मागते.

दगडाचा विषय निघाला म्हणून झिंबाब्वेबद्दल. शोना भाषेत त्या शब्दाचा अर्थ दगडी घरे. अकराव्या ते पंधराव्या शतकांत तिथे जे नगर भरभराटीला आले, त्याचा मोठा कोट आजही उभा आहे. २५० मीटर घेराची भिंत, काही जागी ११ मीटर उंच, आणि चुना-माती काही नाही. कोकणातला गडगा डोळ्यांपुढे आणा, फक्त तीन मजली आणि वळणदार. युरोपातून आलेल्या मालकांनी ती पाहिली आणि हे काळ्या माणसांचे काम असूच शकत नाही, फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे असेल, बायबलातल्या शिबाच्या राणीचे असेल, असे ठरवले. १९०५ मध्ये एका पुरातत्त्वज्ञाने उत्खनन करून हे स्थानिकांचेच काम असल्याचे सांगितले, १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या विदुषीने ते पुन्हा सिद्ध केले, तरी गोऱ्यांचे सरकार पुढे कित्येक दशके मार्गदर्शक पुस्तकांतून ते लपवत राहिले. पाठ्यपुस्तक काय करू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने त्या भिंतींचेच नाव घेतले, आणि तिथे सापडलेला साबणदगडाचा पक्षी ध्वजावर घेतला.

टिंबक्टूची गोष्टही मुलांना सांगावी. मालीतल्या त्या वाळवंटी शहरात घराघरांतून हस्तलिखिते होती: कायदा, गणित, खगोल, वैद्यक, व्याकरण. सोळाव्या शतकातल्या अहमद बाबा या पंडिताला मोरोक्कोच्या सैन्याने कैद करून नेले तेव्हा त्याची तक्रार होती की माझ्या घरात १६०० ग्रंथ होते आणि माझ्या आप्तांमध्ये सगळ्यांत लहान संग्रह माझाच होता. २०१२ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी शहर घेतले आणि दर्गे फोडायला सुरुवात केली. तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि साध्या कुटुंबांनी पत्र्याच्या पेट्यांत पोथ्या भरून, गाढवांवरून, गाड्यांतून, नायजर नदीतल्या होड्यांतून शेकडो किलोमीटरवरच्या राजधानी बामाकोला पोचवल्या. लाखोंच्या संख्येने. इंद्रायणीतून तरलेल्या वह्यांची कथा जपणाऱ्या आपल्या भाषेतल्या मुलांना या पेट्यांचे मोल कळायला वेळ लागणार नाही.

आणि सगळेच लिहून ठेवलेले असते असे नाही. माली, गिनी, सेनेगल, गांबिया या पट्ट्यात 'जेली' म्हणून घराणी आहेत. राजाची वंशावळ, लढाया, करार सारे त्यांच्या कंठात, २१ तारांच्या कोरा वाद्यावर गायचे. तेराव्या शतकातल्या सुंजाता राजाची कथा अशीच बापाकडून मुलाकडे येत आजवर पोचली. गोंधळी आणि शाहीर ज्यांच्या अंगणात उभे राहिले, त्यांना या घराण्यांची थोरवी परकी वाटू नये.

२०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून उसनी आलेली वाघनखे साताऱ्यात ठेवली गेली तेव्हा लोकांच्या रांगा लागल्या. आम्हीही गेलो होतो. काचेसमोर उभी असताना मला बेनिनच्या पितळी शिल्पांची आठवण झाली. आजच्या नायजेरियातल्या बेनिन नगरावर १८९७ मध्ये इंग्रजांनी चढाई केली, राजवाडा जाळला आणि हजारो शिल्पे, पट्ट, हस्तिदंती मुखवटे उचलून नेले. धातूची शिल्पे घडवण्याची रीत अशी: मेणाची मूर्ती करून, त्यावर माती लेपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, बस्तरचे कारागीर करतात तसाच. इतकी नाजूक ओतकामे पाहून युरोपातल्या विद्वानांनी तेव्हाही शंका काढली होती की ही कला यांना कोणी शिकवली असेल. जर्मनीने २०२२ मध्ये शिल्पांची मालकी नायजेरियाला परत केली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत दिल्या. लंडनमध्ये मात्र शेकडो अजून आहेत. आपली वाघनखे उसनी का, हा प्रश्न आपल्या मुलांना पडतो. त्याच प्रश्नाने दुसरीकडचे लोकही तळमळतात, हे त्यांना कळू द्या.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, बाई, गुलामगिरी, दुष्काळ, यादवी हे खोटे आहे का? नाही. मी ते झाकायला सांगत नाही. सुदानबद्दल तर सांगूच शकत नाही.

१५ एप्रिल २०२३ ला तिथे दोन फौजांत युद्ध पेटले. राजधानी खार्तूममध्ये नाईलच्या काठी राष्ट्रीय संग्रहालय आहे. इजिप्तमध्ये आस्वानचे मोठे धरण झाले तेव्हा बुडणारी प्राचीन मंदिरे दगडन्‌दगड सुटा करून त्याच्या आवारात आणून उभारली होती. उजनीच्या पाण्यात पळसदेवचे मंदिर गेलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या कामाची किंमत कळेल. ते संग्रहालय या युद्धात लुटले गेले. सुदानातल्या प्राचीन कुश राज्याचा वारसा, ज्या राज्याच्या राजांनी एके काळी इजिप्तवर राज्य केले आणि ज्यांच्या पिरॅमिडांची संख्या इजिप्तपेक्षा जास्त आहे, ट्रकांत भरून नेला गेला. वद मदनी गावी देशाची बियाण्यांची पेढी होती, ज्वारीचे पिढीजात वाण तिथे जपलेले होते. तीही लुटीतून सुटली नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी शिल्लक बियाण्यांतले काही, ज्वारीसकट, २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या तिजोरीत नेऊन ठेवले. ज्वारी जिथे पहिल्यांदा माणसाळली त्या देशात माणसे उपाशी आहेत. मी दामाजीपंतांच्या गावाजवळ राहते. दुष्काळात कोठारे उघडणाऱ्या माणसाची गोष्ट आम्ही मुलांना शिकवतो. त्या गोष्टीच्या पुढच्या पानावर या देशाचे नाव सुदान असे लिहा, 'आफ्रिकेतील एक देश' असे नको.

ती सुदानी मुलगी पुण्यात शिकत असताना तिला भाड्याची खोली मिळायला चार महिने लागले होते. फोनवर होकार यायचा, दारात गेले की खोली दिलेली असायची. घरमालक वाईट माणसे होती असे मी म्हणत नाही. ती मराठी शाळांतून शिकलेली, माझ्यासारख्याच कुणा शिक्षिकेच्या हाताखालून गेलेली माणसे होती. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तिचे कुटुंब खार्तूम सोडून गेले. ती आता दुसऱ्या देशात नोकरी करते. दर पौषात तिचा निरोप येतो, तुमची दुरा कशी आली म्हणून, आणि मी तिला शेताचे फोटो पाठवते. आमच्याकडे राहिली होती तेव्हा तिने माझ्या वहीत तिच्या आजोळी पेरल्या जाणाऱ्या वाणांची नावे लिहून ठेवली होती. फेतेरिता, दबर, आणखी बरीच. अरबीत तिच्या हाताने, शेजारी देवनागरीत माझ्या हाताने, आणि कुठला वाण कशाला चांगला तेही. त्या पानांची छायाप्रत सोबत जोडली आहे. ज्वारीचा धडा ज्यांच्याकडे असेल त्यांना द्यावी. मूळ वही पाहायची असेल तर मी ती घेऊन पुण्याला येईन, तारीख कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
मंगळवेढा तालुका, जिल्हा सोलापूर